पायाभूत स्तराचा अभ्यासक्रम आराखडा आणि बालशिक्षिकांचे प्रशिक्षण: सांधा नेमका कोठे जुळवायचा?

सृजनवाट

नमस्कार. २० ऑक्टोबर २०२२ रोजी पायाभूत स्तरासाठीचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा प्रसिद्ध झाला आणि वय वर्षे तीन ते आठ हा शिक्षणाचा एकच सलग टप्पा आहे, ही राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मधील मांडणी वर्गाच्या पातळीवर आली. अंगणवाडी किंवा बालवाडीची तीन वर्षे आणि इयत्ता पहिली व दुसरी यांची ध्येये त्यात एकाच सूत्रात ओवलेली आहेत. मी बालशिक्षिकांच्या दोन वर्षांच्या पदविका वर्गाला शिकवते. टप्पा एक झाला, तरी त्या टप्प्यावर शिकवणाऱ्यांना घडवण्याच्या वाटा मात्र अजून निरनिराळ्याच आहेत, हा माझ्या चिंतेचा विषय आहे आणि त्यासाठीच हा धागा काढला आहे.

अंगणवाडी सेविकांचे प्रशिक्षण महिला व बालविकास विभागाकडे आहे. पहिली-दुसरीच्या शिक्षकांनी डी.एल.एड. ही प्राथमिक शिक्षकांसाठीची पदविका घेतलेली असते. खासगी बालवाड्यांतील शिक्षिकांपैकी काहींनी राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या नियमांतील दोन वर्षांची पूर्वप्राथमिक पदविका केलेली असते, तर अनेकींनी काही महिन्यांचा प्रमाणपत्र वर्ग तेवढा केलेला असतो. हे सगळे लोक एकाच आराखड्याची अंमलबजावणी करणार आहेत. मात्र प्रशिक्षण घेताना त्यांची एकमेकांशी गाठ पडत नाही आणि एकमेकांचा वर्गही ते पाहत नाहीत.

आराखडा आल्यावर प्रशिक्षणाच्या अभ्यासक्रमांत काय बदलले, हे पाहिले तर बहुतेक ठिकाणी एक घटक वाढला आहे. पंचकोश (व्यक्तिमत्त्वाचे पाच थर), विकासाची क्षेत्रे, अभ्यासक्रमाची तेरा ध्येये, क्षमता आणि अध्ययन निष्पत्ती यांची माहिती विद्यार्थिनी पाठ करतात आणि परीक्षेत लिहितात. माझ्या मते ही जोडणी नावापुरती आहे. आराखडा आणि प्रशिक्षण यांचा सांधा जुळायचा असेल, तर तो सरावात जुळला पाहिजे. मूल काय करते आहे हे पाहणे, ते नोंदवणे आणि त्यावरून उद्याचा खेळ ठरवणे, या तिन्ही गोष्टी शिक्षिकेच्या हातवळणी पडायला हव्यात.

एक उदाहरण देते. आमच्या सराव बालवाडीत साडेचार वर्षांची एक मुलगी चिंचोके, वाल आणि राजमा यांची मिसळलेली परडी घेऊन बसली होती. प्रथम वर्षाच्या विद्यार्थिनीने निरीक्षणवहीत लिहिले, 'मुलगी बियांशी आनंदाने खेळत होती.' दुसऱ्या दिवशी तीच परडी, तीच मुलगी आणि तीच विद्यार्थिनी, पण या वेळी मी शेजारी बसून काय पाहायचे ते सांगत होते. या वेळची नोंद अशी आली: मुलीने आधी रंगावरून तीन ढीग केले. मग चिंचोक्यांच्या ढिगातले मोठे आणि छोटे वेगळे काढले. वालांची रांग लावून बोट ठेवत सातपर्यंत बरोबर मोजले. आठव्या दाण्याला बोट ठेवले, पण तोंडाने 'नऊ' म्हणाली. शेजारच्या मुलाने 'कोणते जास्त आहेत?' असे विचारले, तेव्हा तिने मोजले नाही, दोन रांगा समोरासमोर लावून दाखवल्या.

या नोंदीत वर्गीकरण आहे, एकास एक संगती आहे, तुलना आहे आणि मोजणी कोठे अडखळते तेही आहे. आराखड्यात बोधात्मक विकासाखाली जे लिहिले आहे, ते इथे एका परडीत दिसते. पुढच्या दोन वर्षांत पहिलीच्या शिक्षकाला या मुलीबद्दल हेच कळायला हवे आहे. म्हणून माझी सूचना अशी की, पूर्वप्राथमिक पदविका, डी.एल.एड. आणि सेविकांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम या तिन्हींत निरीक्षणवही एकच असावी. आंतरवासितेचा (प्रत्यक्ष वर्गातील सरावकाळाचा) काही भाग अंगणवाडीत आणि काही भाग त्याच गावातील पहिलीच्या वर्गात व्हावा. तेरा ध्येये विद्यार्थिनीला तोंडपाठ नसली तरी चालेल. समोरच्या मुलाच्या कृतीत त्यांतले कोणते दिसते आहे, हे तिला सांगता आले पाहिजे.

प्रत्यक्ष काम करणाऱ्या सभासदांना हे शक्य वाटते का? अडचणी कोठे येतील?

अबोली

सृजनवाट ताई, धागा काढल्याबद्दल आभार. मी मुख्यसेविका, म्हणजे अंगणवाड्यांची पर्यवेक्षिका, म्हणून काम करते, त्यामुळे सेविकांच्या बाजूने लिहिते.

धोरणात सेविकांसाठी अगदी स्पष्ट तरतूद आहे. बारावी किंवा त्याहून अधिक शिकलेल्या सेविकांना सहा महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम आणि कमी शिकलेल्यांना एक वर्षाचा पदविका अभ्यासक्रम द्यायचा आहे. तो दूरशिक्षणाने चालावा, शालेय शिक्षण विभागाच्या समूह साधन केंद्राने त्यावर देखरेख ठेवावी आणि महिन्यातून किमान एक संपर्कवर्ग घ्यावा, असेही त्यात म्हटले आहे. संपर्कवर्गाचे हे वाक्य मला सर्वांत मोलाचे वाटते, कारण अंगणवाडी आणि शाळा यांना एका सतरंजीवर बसवणारी कागदावरची हीच काय ती जागा आहे.

प्रत्यक्षात सेविकांपर्यंत व्यापक प्रमाणावर पोहोचले ते 'पोषण भी पढ़ाई भी' या मे २०२३ मध्ये सुरू झालेल्या कार्यक्रमाचे तीन दिवसांचे प्रशिक्षण. ते वाईट नाही. रोज किमान दोन तास शाळापूर्व शिक्षणासाठी द्यावेत, हे त्यातून पहिल्यांदा ठामपणे सांगितले गेले. त्यानंतर २०२४ मध्ये 'आधारशिला' हा तीन ते सहा वयोगटाचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आला. त्यात अठ्ठेचाळीस आठवड्यांचे नियोजन आहे. सुरुवातीचे चार आठवडे मूल रुळण्यासाठी राखले आहेत आणि आठवड्याचे पाच दिवस नवे उपक्रम, सहाव्या दिवशी उजळणी अशी आखणी आहे. राज्याच्या 'आकार' या अंगणवाडी अभ्यासक्रमावर काम केलेल्या आमच्या सेविकांना त्यातले बरेचसे ओळखीचे वाटले. तरीसुद्धा तीन दिवसांत अठ्ठेचाळीस आठवड्यांची ओळख करून देता येते. त्या पद्धतीने शिकवण्याची सवय तेवढ्यात लागत नाही.

सेविकेचा दिवस कसा जातो, तेही इथे लिहिले पाहिजे. सकाळी मुले गोळा करणे, प्रार्थना, नाश्ता, हजेरीची नोंद, पोषण ट्रॅकर या मोबाइल अ‍ॅपवर फोटो; मधेच आशाताई लसीकरणाच्या यादीसाठी येतात; एखादी गरोदर माता टीएचआर (घरी नेण्याचा शिधा) घ्यायला येते; वजन-उंचीचा दिवस असेल तर वजनकाट्यापुढे रांग लागते. गाणी-गोष्टींसाठी गोल करून बसवलेली मुले या धावपळीत दोनदा तरी विस्कटतात. मदतनीस ताई असली तर ती गोल सांभाळते, नसली तर सगळेच एकटीवर येते. आपण म्हणता ती निरीक्षणवही मला मनापासून पटते, परंतु ती सतरावी नोंदवही होणार असेल, तर ती भरली जाईल आणि तिच्यातून काहीच कळणार नाही. आधीच्या कोणत्या नोंदी कमी करणार, याचे उत्तर प्रशिक्षण आखणाऱ्यांनी आधी दिले पाहिजे.

दुसरा मुद्दा मानाचा आणि मानधनाचा आहे. गुजरातमधील सेविकांच्या उपदानाच्या (ग्रॅच्युइटीच्या) प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २५ एप्रिल २०२२ रोजी निकाल दिला. अंगणवाडीतून दिले जाणारे शाळापूर्व शिक्षण हे शिक्षणहक्क कायद्याच्या कलम ११ शी (शाळापूर्व शिक्षणाची सोय) निगडित काम आहे, ही बाब न्यायालयाने त्यात विचारात घेतली. असे असताना प्रमाणपत्र मिळवलेल्या सेविकेला त्याचा सेवेत काहीच उपयोग होणार नसेल, तर ती रात्री घरचे आवरून मोबाइलवर तास ऐकत बसेल, अशी अपेक्षा ठेवणे अन्यायाचे आहे. मुख्यसेविका पदाच्या निवडीत या प्रमाणपत्राला गुण मिळावेत आणि मानधनात वाढ मिळावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

शेवगा

मी जिल्हा परिषद शाळेत पहिलीला शिकवते. अबोली ताईंचे म्हणणे वाचताना आमच्या आवारातल्याच अंगणवाडीतील ताई डोळ्यांपुढे आल्या. दोन खोल्यांमध्ये एक भिंत आहे, आणि तरीही त्यांनी वर्षभर काय घेतले हे मला जूनमध्ये माहीत नसते.

जूनमध्ये माझ्यापुढे दोन प्रकारची मुले येतात. काही मुले खासगी केजीतून आलेली असतात. ती एक ते शंभर सरसर लिहितात, पण 'सात खडे आण' म्हटले की मूठभर खडे घेऊन येतात. पेन्सिल इतकी घट्ट धरतात की अक्षराचा ठसा वहीच्या पुढच्या पानावर उमटतो. दुसरी मुले अंगणवाडीतून आलेली असतात. त्यांना लिहिता येत नाही. मात्र गोष्ट पुढे नेता येते, गाण्यावर ठेका धरता येतो, आणि खाऊ वाटताना कोणाला मिळाला नाही हे ती लगेच सांगतात. पालकांच्या आणि कधीकधी आमच्याही नजरेत पहिल्या प्रकारची मुले 'तयार' ठरतात. आराखडा मात्र पहिलीत येण्याआधी जी पायाभरणी मागतो, ती दुसऱ्या प्रकारच्या मुलांकडे अधिक असते, हे मला डी.एल.एड.मध्ये कोणी दाखवले नव्हते. आमचे सगळे सराव पाठ पहिलीपासून वरच्या वर्गांवर झाले.

२०२१ मध्ये निपुण भारत या पायाभूत साक्षरता व संख्याज्ञानाच्या अभियानासोबत 'विद्याप्रवेश' हा पहिलीच्या सुरुवातीच्या तीन महिन्यांचा खेळाधारित कार्यक्रम आला आणि त्यानंतर महाराष्ट्रात 'पहिले पाऊल' हे शाळापूर्व तयारी अभियान सुरू झाले. मेळाव्यात माता आयडिया कार्ड (खेळ-कृती सुचवणारी पत्रके) घेऊन आपल्या मुलांबरोबर खेळतात, तो दिवस खरोखर चांगला असतो. तथापि त्या तीन महिन्यांत मी काय पुढे न्यायचे, हे आधीच्या तीन वर्षांत काय झाले त्यावर ठरायला हवे. ती माहिती माझ्याकडे नसल्यामुळे सगळ्यांना एकाच पायरीवरून सुरुवात करावी लागते. म्हणून मला वाटते की, बालशिक्षणाचे प्रशिक्षण फक्त सेविकांना देऊन भागणार नाही. पहिली-दुसरीच्या शिक्षकांनाही तीच गरज आहे आणि ते दोघांनी एकत्र घ्यावे.

मोगरा

खासगी बालवाडी चालवणाऱ्यांची बाजू थोडक्यात मांडते. शिक्षणहक्क कायदा सहा वर्षांपासून लागू होतो, त्यामुळे आमच्या शिक्षिकांनी नेमके काय शिकलेले असावे याचे बंधन प्रत्यक्षात कोणी पाहत नाही. 'माँटेसरी' असे नाव दिलेले सहा महिन्यांचे वर्ग गल्लोगल्ली आहेत. त्यांतल्या काहींत साधने हाताळायला मिळतात, काहींत केवळ चिकटवहीवर काम होते. नोकरीसाठी आलेल्या मुलीकडे प्रमाणपत्र असते, पण रडणाऱ्या मुलाजवळ कसे बसायचे ते तिला कोणी शिकवलेले नसते. सामाईक निरीक्षणवही आली तर आम्हीही ती वापरू. पालकांपुढे ठेवायला त्यानिमित्ताने गृहपाठाऐवजी काहीतरी भक्कम मिळेल.

उंबर

मी न्यूझीलंडमध्ये बालशिक्षणाच्या क्षेत्रात काम करते, म्हणून तेथील अनुभव लिहिते. १९९६ पासून तेथे 'ते फारीकी' हा राष्ट्रीय बालशिक्षण अभ्यासक्रम आहे आणि २०१७ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती आली. स्वास्थ्य, आपलेपणा, सहभाग, संवाद आणि शोध अशी त्याची पाच सूत्रे आहेत. सुधारित आवृत्तीत ही सूत्रे शालेय अभ्यासक्रमातील क्षमतांशी कोठे जुळतात, याचे स्वतंत्र विवेचन आहे. शिक्षिका होण्यासाठीचे पदवी अभ्यासक्रम शिक्षक परिषदेच्या मान्यतेने चालतात आणि विद्यार्थिनीला दीर्घ काळ प्रत्यक्ष केंद्रांमध्ये काम करावे लागते.

सृजनवाट ताईंनी जी परडीची नोंद दिली आहे, तशाच नोंदींना तेथे 'शिकण्याच्या कथा' म्हणतात. मुलाने काय केले, त्यातून काय शिकणे दिसले आणि पुढे काय संधी द्यायची, असे तीन भाग त्यांत असतात. त्या कुटुंबालाही वाचायला मिळतात. मी इथे एक सावधगिरी सांगू इच्छिते. कथा लिहिण्याची पद्धत रूढ झाली की छान छायाचित्रे आणि गोड शब्द यांचीच रेलचेल होऊ लागते आणि मूल कोठे अडते आहे ते लिहायचे राहून जाते. 'आठव्या दाण्याला नऊ म्हणाली' हे वाक्य म्हणूनच महत्त्वाचे आहे. प्रशिक्षणात अशा वाक्यांना गुण मिळाले पाहिजेत.

सृजनवाट

सर्वांचे मनापासून आभार. अबोली ताई, नोंदींच्या ओझ्याबद्दल आपण लिहिले ते अगदी योग्य आहे. माझी कल्पना अशी की, सेविकेने रोज सगळ्या मुलांबद्दल लिहू नये. दिवसाला एक किंवा दोन मुले आणि प्रत्येकाबद्दल चार ओळी, इतकेच असावे. वीस-पंचवीस मुलांच्या अंगणवाडीत महिनाभरात प्रत्येक मूल एकदा तरी नीट पाहिले जाईल. ज्यांना लिहिणे जड जाते, त्यांनी मोबाइलवर बोलून नोंद करावी.

या निमित्ताने आपल्याच मातीतली एक गोष्ट आठवून द्यावीशी वाटते. बालशिक्षणाच्या आद्य कार्यकर्त्या ताराबाई मोडक यांनी गुजरातमधील बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका यांच्याबरोबर भावनगरला काम केले आणि १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ तेथे त्यांना येऊन मिळाल्या आणि १९५७ मध्ये ते काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. शिंपले, बिया, खडे, पाने यांपासून साधने तयार झाली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी शाळाच कुरणावर गेली. बालवाडी, प्राथमिक शाळा आणि शिक्षिकांचे अध्यापन मंदिर ही तेथे एकाच परिसरात होती, त्यामुळे शिकणाऱ्या ताईला तीन वर्षांचे मूल आणि आठ वर्षांचे मूल एकाच दिवशी पाहायला मिळे. अंगणवाडी हा विचार ज्या परंपरेतून आला, तिच्यात हा सांधा मुळातच होता. खाती वेगळी झाली, तसा तो निखळला.

मातृभाषेचा मुद्दा अजून कोणी काढला नाही, तोही यात धरायला हवा. या वयात शिकवण्याचे माध्यम मुलाच्या घरची भाषा असावे, असे आराखडा सांगतो. आमच्या विद्यार्थिनी मात्र सर्व सराव प्रमाण मराठीत करतात.

सातपुडा

मी नंदुरबार जिल्ह्यात केंद्रप्रमुख (शाळांच्या एका गटाचा पर्यवेक्षक) आहे. भाषेबद्दल आधी लिहितो. आमच्या भागात मूल पावरी किंवा भिली बोलत अंगणवाडीत येते. सेविका गावचीच असल्यामुळे तिला ती भाषा येते. पहिलीचे गुरुजी बहुधा बाहेरचे असतात. एकत्र प्रशिक्षण झाले तर येथे शिकवणारी सेविका असेल आणि शिकणारे गुरुजी असतील. आमच्या केंद्रातील एका गुरुजींनी सेविकाताईंकडून शंभरेक पावरी शब्द आणि सहा-सात बडबडगीते लिहून घेतली, आणि जुलैत त्यांच्या वर्गातली जी मुले भिंतीला टेकून गप्प बसत, ती ऑगस्टमध्ये पुढे येऊन गाऊ लागली. यासाठी वेगळा निधी लागला नाही. केवळ दोघांना एकत्र बसायला वेळ लागला.

आता व्यवस्थेबद्दल. शिक्षण आणि महिला व बालविकास ही मंत्रालयात दोन खाती आहेत, म्हणून काही होऊ शकत नाही, असे आपण समजून चालतो. ग्रामीण भागात ते पूर्ण खरे नाही. जिल्हा परिषदेत प्राथमिक विभागाचे शिक्षणाधिकारी आणि बालकल्याण विभागाचे उपमुख्य कार्यकारी अधिकारी हे दोघेही मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांच्या हाताखालीच काम करतात. एका संयुक्त पत्राने दर महिन्याच्या केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेला त्या केंद्रातील सेविकांना बोलावता येईल आणि त्यातील अर्धा दिवस पायाभूत स्तरासाठी राखता येईल. अबोली ताईंनी सांगितलेला मासिक संपर्कवर्ग तोच. अडचण येते ती प्रवासभत्त्याची आणि त्या दिवशी अंगणवाडी कोण उघडणार याची. मदतनीस असलेल्या ठिकाणी दुसरी अडचण सुटते, प्रवासभत्त्यासाठी मात्र तरतूद लागेल. डायटमधील (जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेतील) अधिव्याख्यात्यांनी आणि सृजनवाट ताईंसारख्या पदविकेच्या शिक्षकांनी या बैठकांना यावे आणि आपल्या विद्यार्थ्यांनाही आणावे.

अबोली

सातपुडा सर, आपले म्हणणे ग्रामीण प्रकल्पांना लागू पडते. शहरांत मात्र शाळा महानगरपालिकेच्या असतात आणि नागरी अंगणवाड्या थेट एकात्मिक बालविकास सेवा आयुक्तालयाच्या प्रकल्पांत येतात. त्या बऱ्याचदा भाड्याच्या दहा बाय दहाच्या खोलीत भरतात आणि जवळची शाळा कोणती, यालाही नक्की उत्तर नसते. तेथे प्रकल्प अधिकारी आणि पालिकेचे शिक्षण प्रशासन अधिकारी यांना एकत्र आणणारे कोणीतरी लागेल. वस्त्यांमध्ये आधीपासून काम करणाऱ्या स्वयंसेवी संस्था आणि पदविका विद्यालये ही जबाबदारी घेऊ शकतील का, यावर शहरी सभासदांनी लिहावे.

शेवगा

एकत्र बैठकांना माझी पूर्ण तयारी आहे; आवारातल्या ताईंशी मी याच आठवड्यात बोलते. एक व्यावहारिक बाब मात्र आताच ठरवावी लागेल. आमची शाळा मेच्या सुरुवातीला बंद होते आणि जूनच्या मध्यावर उघडते, विदर्भात त्याहूनही उशिरा. अंगणवाडी मात्र उन्हाळ्यातही थोड्याच दिवसांसाठी बंद असते. सेविकांच्या नोंदी वर्ष संपल्यावर मुलाच्या दाखल्याबरोबर द्यायच्या असे ठरले, तर त्या सुट्टीत कपाटात पडून राहतील. त्यापेक्षा 'पहिले पाऊल'च्या एप्रिलमधील पहिल्या मेळाव्याच्या दिवशीच सेविका, पहिलीची शिक्षिका आणि आई अशा तिघींनी प्रत्येक मुलाची नोंद पाच मिनिटे एकत्र वाचावी, आणि आंतरवासितेच्या विद्यार्थिनींनी तेथे हजर राहून ते लिहून घ्यावे. दाखलपात्र मुले आमच्या गावात चौदाच आहेत. एका सकाळीत होण्यासारखे काम आहे. सृजनवाट ताई, आपल्या वहीचा नमुना इथे टाकलात तर येत्या एप्रिलमध्ये आम्ही तो वापरून पाहू.